कर्नाळ्याचा सुळका

होडी विकल्यापासून आमचा म्हातारा माझगावच्या खोलीत तोंड मिटून बसलेला. चाळीस वर्षं समुद्रातून कर्नाळ्याचा सुळका दिसला की तो होडी धक्क्याकडे वळवायचा. त्या डोंगरात एवढं काय आहे, मलाही बघायचं होतं. नात म्हणाली, “आजी, माथेरानला जा, घोडे आहेत.” “गाढवाबरोबर संसार केला, घोडे कशाला?” म्हणत म्हाताऱ्याला भाड्याच्या गाडीत कोंबलं. पनवेलपुढे सुळका दिसताच तो भडकला. “हा तो नाय! आमचा बारीक दिसतो. ए, उजवीकडे घे!” वर्षभरात एवढं बोलला नव्हता, मी ड्रायव्हरला वळायची खूण केली. चार गावं फिरल्यावर खाडीकाठून तोच सुळका लांबवर बारीक दिसला, तसा तो ओरडला, “थांब! हाच. कंगवा दे रे.” ड्रायव्हरनं कंगवा देत विचारलं, “कशाला, आजोबा?” “सुळका दिसला की केस विंचरायचे. धक्क्यावर ही उभी असते ना.” “भांग वाकडा पडलाय,” म्हणत मी कंगवा घेतला.