रविवारची पाल

"साहेब, ही रानातलीच ना?" शिंप्यानं तिसऱ्यांदा विचारलं आणि तडकलेल्या काचेचा फोन टेबलावरून पुढं सरकवला.

संग्रहालयात पालींचा विभाग सांभाळणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे पालसाहेब म्हणत, तेही तोंडावर.

"मुलाचं कामच ते, कड्याकपारींतून पाली शोधायच्या," शिंपी म्हणाला. "त्याच्या आईला दर रविवारी एक फोटो लागतो. अंथरुणाला खिळलीय हो. डॉक्टर म्हणतात, हृदय पार थकलंय, जरासाही धक्का नको. त्या फोटोवरच दिवस काढतेय."

पालसाहेबांनी फोटो मोठा केला. एका नजरेत कळलं. डोळ्याची बाहुली मांजरासारखी उभी. बोटांखाली रुंद गाद्या. कड्यावरच्या रानपालीची बाहुली गोल असते, बोटं सडसडीत, गाद्यांचा पत्ता नाही. ही तर घरोघरी ट्यूबलाइटमागं बसणारी पाल! मापासाठी शेजारी शिंप्याची टेप ठेवलेली, पहिल्याच इंचावर इस्त्रीचा करपट डाग.

म्हणजे कार्टं घरची टेप घेऊन गेलंय आणि कुठल्यातरी खोलीत लोळत आईबापांना थापा मारतंय. पालसाहेबांचं डोकंच फिरलं.

मग त्यांनी समोर पाहिलं. दाढी वाढलेली. शर्टाचं बटण भलत्याच काजात, तेही शिंप्याच्या! या माणसाला खरं सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?

"रानातलीच," ते म्हणाले. "दुर्मिळ आहे. मुलाची नजर भारी हो तुमच्या."

उभ्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी पालीची जात खोटी सांगितली होती.

शिंप्याचा जीव भांड्यात पडेल असं त्यांना वाटलं होतं. तो उलट कासावीस झाला.

"माझी समजूत नका काढू, साहेब. बाहुली गोल हवी ना? गाद्या नकोत ना? पोरानंच शिकवलंय हिला सगळं. चष्मा लावून आधी डोळा बघते, मग बोटं. गेल्या रविवारी म्हणाली, अहो, ही घरातली वाटते. तेव्हापासून गप्पच आहे. धड जेवतही नाही."

पालसाहेबांनी फोन खाली ठेवला.

"घरातलीच आहे," ते हळूच म्हणाले. "रागावू नका त्याच्यावर. फोन करून विचारा, बाबा रे, आहेस तरी कुठं?"

डोळे पुसायला शिंप्यानं खिशातून रुमाल ओढला, तशी गुंडाळलेली टेप टेबलावर पडून उलगडली. पहिल्याच इंचावर इस्त्रीचा करपट डाग होता.

"तुमच्याकडं काचेच्या पेटीत जिवंत रानपाल आहे म्हणे," तो म्हणाला. "तिचा एक फोटो काढू द्या, साहेब. पोरगा कड्यावरून पडून गेला, त्याला महिना झाला. हा फोन त्याचाच, त्यातले त्यानं काढलेले फोटो संपले. त्याच्या आईला अजून ठाऊक नाही."