रोज मिलिमीटरभर

“तीट गालावर लावतेत, हातावर काहून लावून राह्यली वो?” सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. जन्मताना खांदा अडकून मानेतल्या नसा ताणल्या, उर्वशीच्या लेकीचा उजवा हात लुळा पडला. “नस दिवसाला मिलिमीटरभर वाढते. तीन महिन्यांत कोपर वाकलं नाही, तर ऑपरेशन,” यवतमाळचे डॉक्टर म्हणाले. म्हणून उर्वशी खांद्यापासून रोज तेवढीच खाली तीट लावायची. “नसेले वाट दाखवून राह्यली, आत्याबाई,” तिनं सासूबाईंना सांगितलं. एकोणनव्वदाव्या दिवशी तीट कोपराच्या घडीशी पोचली. दुपारी लेकीशेजारी उर्वशीचा डोळा लागला. स्वप्नात खांद्यावरून काजळाची नदी वाहत होती. जाग आली, तेव्हा घडीच्या वर तीट होती आणि खाली तिचाच छाप. “आत्याबाई, तुम्ही हिचा हात वाकवला काय?” “मी तं आंगणात तूर पाखडून राह्यली.” उर्वशीनं पुन्हा बोट काजळात बुडवलं आणि तीट लेकीच्या गालावर लावली.