सिझियमचा चार्ज

लातूरच्या एका क्लासमधले हुडे सर उत्तरतक्ता बघून प्रश्न विचारायचे आणि चुकलं की हातावर पाइप मारायचे.

“सुगत, सिझियमच्या आयनवर चार्ज किती?”

“प्लस एक, सर. शेवटच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन हाय, तो निघून जातो.”

तक्त्यात मायनस एक छापलं होतं. सरांनी पाइप उचलला. सातव्या फटक्याला सुगतच्या तळहाताची कातडी फाटली, तरी तो प्लसच म्हणत राहिला. शेवटी सरांनी पुस्तक उघडून बघितलं आणि मुकाट्यानं तक्त्यातल्या आडव्या रेघेवर पेनानं एक उभी रेघ मारली.

“बस खाली. दिपाली, तू सांग.”

दिपालीला उत्तर येत होतं. तिनं सुगतच्या हाताकडे बघितलं.

“मायनस एक, सर.”

“आत्ताच सुगतनं प्लस सांगितलं ना? हात पुढं कर.”