तोक्तारचा विमा

डॉक्टरबाईंनी उठून दार लावून घेतलं, तेव्हाच कुल्यानला कळलं की गोष्ट साधी नाही.

"घरी कोण कोण असतं?" बाईंनी विचारलं.

"मी, हे आणि दोन मुली. धाकटी आत्ताच शाळेत जायला लागलीय."

"तुमच्या नवऱ्याला मी काहीच बोलले नाही. रोग्याच्या तोंडावर असलं सांगायचं नाही, आधी घरच्यांना बोलवायचं, हेच आम्ही शिकलो. म्हणून तुम्हाला फोन केला."

"वजनाचंच ना?" कुल्यान घाईघाईने म्हणाली. "मी उतरवते बाई त्यांचं वजन. पाव बंदच केलाय. मांसही बंद करते."

"वजनाचं काय घेऊन बसलात!" बाई हळू आवाजात म्हणाल्या. "यकृतात गाठ आहे. पसरलीय. बर्फ वितळेपर्यंत राहिले तरी पुष्कळ. हवं ते खाऊ घाला आणि आनंदात ठेवा. विम्याचं तर आता विसराच."

कुल्यान बस थांब्यापर्यंत चालत आली, पण बसमध्ये चढायचं तिला सुचेना. तीन बस तिच्यासमोरून निघून गेल्या.

विम्याचं वेड तिच्या नवऱ्याला, तोक्तारला त्याचा थोरला भाऊ गेल्यापासून लागलं होतं. वडील हृदयविकाराने गेले, भाऊही तसाच गेला, आणि दोघांनीही पन्नाशी पाहिली नव्हती. तोक्तार ताल्दीकोर्गान शहरात मिनीबस चालवायचा. पोट स्टिअरिंगला टेकायचं. "मी असाच एक दिवस गाडीत आडवा होईन आणि पोरी उघड्यावर पडतील," असं तो म्हणायचा. दोन विमा कंपन्यांनी त्याला काट्यावर उभं केलं आणि आकडा बघून बाहेरचा रस्ता दाखवला. दुसऱ्या वेळी तर तिथली पोरगी तोंडावर हात धरून हसली. त्या दिवशी घरी येऊन तो एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा न जेवताच पांघरुणात शिरला होता.

तिसऱ्या कंपनीच्या तपासणीला मात्र तो मजेत निघाला. सोबतीला साडू आला होता. मेइरम म्हणजे कुल्यानच्या धाकट्या बहिणीचा, राबिगाचा नवरा. तो अंगाने काडी होता आणि त्याची जीभ कात्रीसारखी चालायची.

संध्याकाळी तोक्तार गुणगुणत परतला. तोंडाला काझीचा वास येत होता. घोड्याच्या मांसाचं ते सॉसेज म्हणजे त्याचा जीव की प्राण.

"अहो, उपाशीपोटी जायचं होतं ना?" कुल्यान डाफरली होती.

"रक्त उपाशीपोटीच दिलं गेलं. तू चहा टाक."

आता तिला ते डाफरणंही टोचत होतं. आजवर किती बोलली होती ती त्याला! पाहुण्यांसमोर त्याच्या पोटावरून विनोद केले, त्याच्या ताटातला तुकडा उचलून मुलींच्या ताटात टाकला. त्या एकेका तुकड्याची तिला लाज वाटली.

त्या दिवसापासून तिने त्याला मोजून वाढणं सोडलं. सकाळी बाउर्साक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, वर सायीचा थर, रात्री मटण.

"आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?" तोक्तार ताटाकडे संशयाने बघत म्हणाला. "कंपनीने काही कळवलं का?"

"नाही बाई. खा तुम्ही."

तो खायचा आणि ती समोर बसून त्याच्याकडे बघायची. मग मुलींच्या कोटाची बटणं लावताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि बटण चुकायचं.

शेवटी तिने घरावरचं अरिष्ट टळावं म्हणून बकरा कापायचं ठरवलं. नात्यातल्या माणसांनी जेवायचं, वडीलधाऱ्याने हात पसरून दुवा मागायची. दुसरं तिच्या हातात होतं तरी काय? नवऱ्याला तिने मुलींच्या परीक्षेचं कारण सांगितलं.

राबिगा आणि मेइरम सगळ्यांच्या आधी आले. राबिगा बाह्या वर करून कणीक लाटायला बसली.

"काय साडूबुवा," मेइरम दारातूनच ओरडला, "बकरा कापलाय म्हणे! मला वाटलं, तुमचाच नंबर लागला."

"तू खिशात दोन दगड ठेवून बाहेर पडत जा," तोक्तार म्हणाला. "वारा सुटलाय."

सगळे हसले. कुल्यानला हसू आलं नाही. हा मेइरम दिवसभर सिगारेटी ओढतो, वेळेवर जेवत नाही, आणि हा धडधाकट! आणि माझ्याच नवऱ्याच्या वाट्याला हे का? तिला पाठच्या बहिणीचा हेवा वाटला. आयुष्यात पहिल्यांदाच इतका वाटला, आणि स्वतःची किळसही आली.

जेवणं होत आली. म्हाताऱ्या काकांनी दोन्ही तळवे पसरले. "अल्ला या घरच्या कर्त्याला उदंड आयुष्य देवो," ते म्हणाले आणि सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले.

कुल्यान उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला कपाळ टेकून रडू लागली. मागोमाग तोक्तार आला.

"अगं, झालं काय तुला?"

"मला सोडून जाऊ नका हो," ती त्याच्या सदऱ्यात तोंड खुपसून म्हणाली. "मी पुन्हा कधी वजनाचं नाव काढणार नाही."

"मी कुठे चाललोय?" तोक्तारने तिची पाठ थोपटली. मग एकदम त्याचा हात थांबला. "कंपनीचा नकार आलाय. होय ना? म्हणून लपवतेस?"

तिने होकारार्थी मान डोलावली.

"म्हणजे पकडलंच त्यांनी!" त्याने कपाळावर हात मारला.

"काय पकडलं?"

तोक्तारने पायाने दार ढकलून लावलं. पकडलं गेलेलं पोर हसतं तसा तो ओशाळवाणा हसला आणि तिच्या कानाशी वाकला.

"कुणाला सांगू नकोस. ओळखपत्रावरचा फोटो माझ्या लग्नाआधीचा, तेव्हा मीही काडीच होतो. तपासणीला मी गेलोच नव्हतो गं, माझ्या जागी मेइरम गेला होता. बिचाऱ्याने माझ्यासाठी सकाळपासून उपास काढला. जा, त्याला चांगलं वाढ."