आईचा रंग

आई गेल्यानंतरच्या तिच्या पुण्यानुमोदनाची वंदना संपली आणि दादाने जमलेल्या नातेवाइकांसाठी तिचा व्हिडिओ आमच्या जुन्या टीव्हीवर लावला. मार्चमध्ये तो दोन दिवस हैदराबादहून आला होता, तेव्हा नव्या महागड्या फोनवर काढलेला. त्याच्या फोनमध्ये आई नुसती झळकत होती. गालांवर लाली, साडी हिरवीगार. टीव्हीवर मात्र सगळ्यावर राख फासल्यासारखं दिसलं.

दादाने रिमोट दिवाणावर आपटला.

"डबा आहे हा टीव्ही! माझा व्हिडिओ एचडीआर आहे, त्याचे रंग या डब्याले झेपूनच नाही राहिले. काहून वं दीक्षा, एक धड टीव्ही घेता नाही आला तुमाले? चार लोकांत आईले कशी दाखवून राहिला हा!"

मी चहाचे कप गोळा करत राहिले.

"सांग ना आता सगळ्यायले! आई अशी पांढरीफटक होती काय?"

मी ट्रे खाली ठेवला.

"होती. डिसेंबरपासून होती. दर पंधरा दिवसांनी रक्त चढवायले मीच नेत होती तिले. तू आला त्या दोन दिवसांतही ती अशीच होती. पण तू खाटेपाशी उभा राहून फोनातच पाहून राहिला होता. त्या टीव्हीले शिव्या नको देऊ, दादा. आईले तू आज पहिल्यांदा पाहून राहिला."