बसायची नोकरी

"अगदी निवांत बस," मालकीणबाई म्हणाल्या, "आणि हलू नकोस."

वाफबाई वेताच्या आरामखुर्चीत बसली, म्हणजे कडेला टेकली. अंगावर मालकीणबाईंचा लिननचा सैल सदरा आणि तसलाच घोळदार पायजमा, दोन्ही पाणी शिंपडून दमट केलेले. हयातभर वाफेच्या इस्त्रीपाशी उभं राहून तिला हे नाव पडलं होतं. कपडे चुरगळायला पगार मिळेल, असं कुणी म्हटलं असतं तर तिनं त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

पण मोठ्या घरचे उन्हाळे असेच. त्या दिवसांत मालकीणबाईंच्या मैत्रिणी आळीपाळीनं एकमेकींच्या बागेत जमायच्या, आणि जिच्या कपड्यांवर सगळ्यात सुंदर सुरकुत्या, ती जिंकली असा त्यांच्यातला मुका नियम होता. कडक इस्त्री दिसली, म्हणजे हिला अजून कुठेतरी पोचायचंय. हातानं चुरगळावं, तर फडकं दिसतं. खरी सुरकुती दुपारभर लोळूनच पडायला हवी. कमरेपाशी पंख्यासारखी, गुडघ्यामागे पुसट. आणि मालकीणबाईंच्या पायाला तर भिंगरी. बसल्या की उठल्या, बागेतल्या माळ्यावर ओरडल्या, पडदा सरळ केला, पुन्हा बसल्या. त्यांच्याच्यानं एक धड सुरकुती होईना. वाफबाईची अंगलट मात्र त्यांच्यासारखीच निघाली, म्हणून हे काम तिच्याकडे आलं.

घरी अंथरुणाला खिळलेली नणंद हे ऐकून खोकला येईपर्यंत हसली. तिचं औषधपाणी वाफबाईच्याच पगारावर चालायचं. "वहिनी, ही नोकरी मला मिळायला हवी होती की गं," ती म्हणाली. "मी तर आडवीच असते."

पण बसणं सोपं नसतं. पहिल्याच दुपारी मालकीणबाईंनी तिला उभं करून चहूबाजूंनी निरखलं आणि नाक मुरडलं. गुडघ्यांवर चुण्या, कोपरांवर चुण्या, पाठीवर एकही नाही. पाठ टेकलीच नव्हती. ही उकिडवं बसणारीची सुरकुती, माझ्या मैत्रिणी लांबून ओळखतील, असं म्हणून त्यांनी कपडे उतरवायला लावले. वाफबाईनंच ते धुतले, इस्त्रीनं सपाट केले, पुन्हा पाणी शिंपडलं आणि पुन्हा बसली.

खोट कुठे आहे ते मालकीणबाईंच्या लवकरच ध्यानात आलं. घरात कुठेही भांडं वाजलं की वाफबाई अर्धी उठायची. मग त्यांनी खेळच काढला. आतून मुद्दाम हाक मारायची. ती उठली की कपडे गेले. पुन्हा धुणं, पुन्हा इस्त्री, पुन्हा खुर्ची. स्वयंपाकी खिडकीतून मजा बघायचा आणि आज बसून बसून फार दमलीस का, असं रोज न चुकता विचारायचा. तिनं दात आवळून खुर्चीचे हात धरून पाहिले, तर बाह्या खांद्यापर्यंत ताणल्या गेल्या.

"हाक आली तर ती तुझ्यासाठी नाहीच असं समज," मालकीणबाईंनी शेवटचं बजावलं. "आभाळ कोसळलं तरी. नाही जमलं तर दुसरी बघते."

नोकरी जाणार म्हटल्यावर माणूस काय शिकत नाही?

मालकीणबाईंकडे बाग भरायची दुपार आली. पाहुण्या ऊन उतरल्यावर येणार होत्या. वाफबाई जेवणं उरकताच बसली. पंखा मंद फिरत होता. झाडाची सावली पायऱ्यांवरून सरकत होती, आणि ती कुठवर जाते हे बघण्याइतका वेळ आपल्याजवळ आहे, हे वाफबाईला जन्मात पहिल्यांदा कळलं. सैल कापडातून वारा पोटापर्यंत पोचला. मान कलली, अंग एका कुशीवर सैलावलं. एक पाय खुर्चीच्या हातावरून खाली लोंबकळू लागला. तो कुणाचा, याची तिनं चौकशीही केली नाही.

आतून हाक आली. तिला ती नीट ऐकू आली. कुठल्यातरी वाफबाईला बोलावताहेत, बिचारी, असं तिला वाटलं. दुसरी हाक आली. तिसरी तर किंकाळीच होती, कारण मालकीणबाई न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. शेवटी स्वयंपाक्यानं डोळे घट्ट मिटून त्यांना उचललं, आणि डोळे मिटलेलेच असल्यामुळे येताना दारावर आपटलं.

ओला टॉवेल गुंडाळून मालकीणबाई लंगडत व्हरांड्यात आल्या. हात उगारला. तो तसाच हवेत राहिला.

कमरेपाशी पंखा उमलला होता. गुडघ्यामागे पुसट रेघा, पाठीवर पाण्यावरच्या लहरी.

"हलू नकोस," त्या कुजबुजल्या.

झोपलेलं बाळ उचलावं तसे दोघींनी मिळून ते कपडे उतरवले. मालकीणबाईंनी ते चढवले, आरशात मागूनपुढून पाहिलं, आणि मग थंडपणे सांगितलं, की उद्यापासून येऊ नकोस. उठू नको असं तुम्हीच सांगितलं होतं, असं वाफबाई चाचरत म्हणाली. घरी नणंद आहे, हेही म्हणाली.

"सांगितलं होतं ना," मालकीणबाई म्हणाल्या. "पण हाकेला न उठणारी बाई घरात ठेवून मी करू काय?"

वाफबाई आपले कपडे घालून, पिशवी काखेत मारून कुंपणाच्या कडेकडेनं निघाली. बागेत मैत्रिणी जमल्या होत्या. किती निवांत दिसतेयस गं, आमच्या जिवाला कुठली ही शांतता, असं कुणीतरी म्हणत होतं. हाक मारली तरी आमची बाई जागची उठत नाही, अशी तक्रार मालकीणबाई करत होत्या. तिनं फाटकाची कडी काढली, तेवढ्यात मागून हाक आली.

"वाफबाई!"

पिशवी तिथेच टाकून ती धावली. हिरवळीवरून, खुर्च्यांच्या मधून, धापा टाकत, मालकीणबाईंच्या पुढ्यात येऊन हात जोडून उभी राहिली.

मालकीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. सुरकुती मोडणार नाही अशा बेतानं त्या शेजारच्या मैत्रिणीकडे कलल्या.

"बघ," त्या म्हणाल्या. "उठता येतं तिला."