तिसरा बैल

“मी येत नाही, भाऊजी. त्याच्या दारात पाय ठेवाचा नाही मले,” पंचफुला म्हणाली आणि पुढच्या झाडाचा कापूस वेचू लागली.

किसनराव शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उभेच राहिले. यवतमाळच्या कॉलेजातून अनघा नावाच्या प्राध्यापक बाई आल्या होत्या. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की माणसं ज्या झडत्या म्हणतात, त्या गोळा करत त्या गावोगाव हिंडत होत्या. त्यांचं पुस्तक निघणार होतं. आणि या गावात झडत्या म्हणजे डोमाजी. पण लकव्यानं डोमाजीची वाचा गेली होती, आणि जन्मात त्यानं एक ओळ कागदावर उतरवली नव्हती.

“त्याच्या झडत्या तुमच्याबिगर कोनाले पाठ हायेत, वयनी?”

“नसू द्या. मरू द्या त्याच्यासंगं.”

तिला अगदी तसंच वाटत होतं. डोमाजीएवढा विखारी माणूस पंचक्रोशीत नव्हता. कोणाचं बरं झालेलं त्याला बघवत नसे. त्याच्या जिभेला कंटाळून बायको माहेरी गेली, ती परत आलीच नाही. पण पोळ्याला हाच माणूस तोंड उघडायचा आणि गाव हसता हसता डोळे पुसायचं. याला काय म्हणावं? पंचफुला एकदा ऐकलेलं विसरत नसे. वेचणी करताना नकळत त्याचीच झडती तिच्या ओठांवर यायची. ‘आग लागो त्याच्या तोंडाले,’ असं म्हणायची आणि पुढची ओळ घ्यायची.

तिच्या रागाला कारण होतं. एका पोळ्याला डोमाजीनं तिच्या नवऱ्याला धरलं. लटारी स्वभावानं गरीब, घरचा सगळा कारभार पंचफुलाच्या हाती. डोमाजीनं हात वर केला:

‘बैल म्हने बैलाले, आपन तं हाओ दोन,
लटारीच्या वावरात हा तिसरा जुपला कोन?’

सगळ्यात आधी हसली ती पंचफुला. झडती इतकी चोख होती की हसू आवरलंच नाही. मग गाव हसलं. लटारीनं वळून बघितलं ते गावाकडे नाही, तिच्याकडे. त्या दिवसापासून शेंबडी पोरंही त्याला ‘तिसरा’ म्हणू लागली. वेचणी संपायच्या आत तो आदिलाबादकडे जिनिंगवर कामाला जातो म्हणून निघून गेला. तिकडून आली ती त्याच्या मरणाचीच खबर. डोमाजीनं साधं दारात येऊन विचारलंसुद्धा नाही.

किसनराव जायला वळले. पंचफुलानं कापसाची ओटी धुऱ्यावर रिकामी केली आणि त्यांच्यामागून चालू लागली. का, ते तिचं तिलाच कळेना.

डोमाजी बाजेवर पडला होता, अनघा शेजारी टेप घेऊन बसली होती. अंगाचं पार चिपाड झालं होतं. डोळे मात्र तेच.

“कान शाबूत हाये त्याचे, समदं समजते,” किसनरावांनी अनघाला सांगितलं. “पानी देऊ का रे?” डोमाजीची मान आडवी हलली. “च्या घेतं?” पुन्हा आडवी. “जन्मभर नाहीच म्हनत आला. लकव्यानंही तेवढंच ठेवलं,” असं म्हणून किसनराव मॅडमसाठी चहा सांगायला शेजारी आपल्या घरी गेले.

अनघानं टेप सुरू केला. “मावशी, आठवेल तसं म्हणा.”

एकच म्हणायची आणि उठायचं, असं पंचफुलानं ठरवलं.

‘अळीनं खाल्लं बोंड, काट्यानं खाल्लं माप,
बैल पुसे धन्याले, तू काय खाशील बाप?’

अनघानं टेप आणखी जवळ सरकवला.   मग दुसरी आली, तिच्या पाठोपाठ तिसरी. बाजेच्या लाकडावर डोमाजीचा चांगला हात ताल धरू लागला. तो बघून तिला संताप आला, आणि संतापानं आवाज आणखी चढला. म्हणता म्हणता ती त्या झडतीपाशी आली आणि थांबली. डोमाजीचा हातही थांबला.

“संपल्या?” अनघानं विचारलं.

पंचफुलानं तीही म्हटली. अनघा खळखळून हसली. ते हसणं पंचफुलाच्या ओळखीचं होतं.

“मावशी, सोनं आहे हो हे!” डोळे पुसत अनघा म्हणाली. “पोळ्याला म्हणायचे डोमाजीकाका. पण रचायचेही तेच ना? पुस्तकात रचणाऱ्याचं नाव द्यायचंय.”

पंचफुलानं बाजेकडे बघितलं. आता हा पुस्तकात जाणार, आणि लटारी त्याच पुस्तकात कायमचा तिसरा बैल होणार.

“नाही,” ती म्हणाली. “डोमाजी नुसता म्हने. रचे माहा नवरा. लटारी.”

“पण ही शेवटची तर त्यांच्यावरच आहे!”

“सोतावरच रचली त्यानं. लय हसऱ्या सभावाचा मानूस.”

धडधडीत खोटं. पण जीभ अडखळली नाही. जो आपणहून स्वतःवर हसला, त्याची फजिती कोण करणार! इतक्या वर्षांत पहिल्यांदा लटारी तिला ताठ मानेनं उभा दिसला. 

अनघाच्या कपाळावर आठी पडली. “गावात तर सगळे यांचंच नाव घेतात.” ती बाजेकडे वळली. “काका, मावशी म्हणतात ते खरं आहे का? झडत्या लटारींच्या?”

पंचफुला उठून उभी राहिली. ती आडवी मान बघायलाही तिला थांबायचं नव्हतं, आणि पाय उचलत नव्हता.

डोमाजी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग त्याची मान हलली, वरून खाली.